वंशावळीचा तक्ता वेबपेजवर : प्रकल्प नोंदी

८ जून, रविवार

आज सांगलीच्या गावभागात थोरल्या काकांकडं गेलो होतो, तक्ता माळ्यावरनं खाली काढला. किती दिवस म्हणत होतो याचं काहीतरी करूया करूया, शेवटी काकाच म्हणाले पावसाळा आलाय, परत पाणी आलं तर या खेपेला वाचेलच असं नाही. खरंय. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, आणि आमच्या खालच्या खोलीत हा तक्ता भिंतीवर टांगलेला तसाच राहिला कारण सगळे आधी म्हातारी माणसं आणि मग फ्रीज वर चढवण्यात गुंतलेले. तळाला पाणी लागलं, त्याची तपकिरी रेघ बरोब्बर मूळ पुरुषाच्या नावावरनं गेलीय.

तक्ता म्हणजे ६० बाय ९० सेंटिमीटरचा कागद, मागनं मांजरपाट चिकटवलेलं, वर-खाली लाकडी दांड्या. पणजोबांनी झाड काढलंय, पुढल्या पिढ्यांची नावं नंतर घरच्यांनी भरत नेलीत. बुंध्यात मूळ पुरुष, मग फांद्या, फांदीला पानं, प्रत्येक पानात एक नाव. अक्षर इतकं बारीक की काका भिंग घेऊन वाचतात. पट्टीनं मोजलं तर जेमतेम २ मिलिमीटर.

घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर याचा फोटो दर दिवाळीला कोणतरी टाकतंय आणि दर दिवाळीला सगळे विचारतात "वाचता येईना". येणारच नाही. तिथं फोटो साध्या पद्धतीनं पाठवला की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते, ९० सेंटिमीटरला १६०० म्हणजे २ मिलिमीटरच्या अक्षराला साडेतीन पिक्सेल. साडेतीन पिक्सेलमध्ये वेलांटी कुठं आणि मात्रा कुठं.

ठरलं असं : एक साधं वेबपेज, त्यात तक्ता, चिमटीनं मोठा करत करत पानापर्यंत जाता आलं पाहिजे, नाव टाइप केलं की तिथं उडी मारली पाहिजे. गौरी जेवणाला सगळे गावभागात येतात, तोवर तयार. अजून अडीच महिने आहेत, म्हणजे शेवटच्या आठवड्यात धावपळ होणार हे नक्की.

१४ जून

स्कॅनिंगला गेलो. इंजिनिअर लोक बांधकामाचे नकाशे स्कॅन करून घेतात तिथं मोठं मशीन आहे पण त्यात कागद रोलरमधनं ओढला जातो. दुकानदार म्हणाला चालतंय की, काय होत नाही. मी तक्ता परत गुंडाळला आणि घरी आलो. शंभरीला टेकलेला कागद रोलरमध्ये घालायची माझी छाती नाही.

मग कॅमेराच. मित्राकडं २४ मेगापिक्सेलचा आहे, ६००० बाय ४०००. मला ४०० डीपीआय, म्हणजे इंचाला ४०० पिक्सेल पाहिजेत, तेव्हा २ मिलिमीटरच्या अक्षराला ३१ पिक्सेल मिळतात, तेवढे भरपूर. ४०० डीपीआयला एका फोटोत ३८ बाय २५ सेंटिमीटर मावतं, कडा एकमेकांवर चांगल्या चढल्या पाहिजेत म्हणून आडव्या २ आणि उभ्या ५ ओळी, म्हणजे १० फोटो.

२२ जून, रविवार

फोटो झाले. कॅमेरा ट्रायपॉडवर खाली तोंड करून, तक्ता जमिनीवर प्लायवर, दोन्ही बाजूंनी ट्यूबलाइट तिरप्या. कॅमेरा हलवायचा नाही, प्लाय सरकवायचा. काकू दर दहा मिनिटांनी येऊन विचारत होत्या जेवायला कधी बसताय.

जोडायला ह्युजिन वापरलं, फुकट आहे आणि चांगलं आहे, पण पहिल्यांदा जोडलं तेव्हा झाड असं वाकलं जसं वादळात सापडलंय. चूक माझीच. ते सॉफ्टवेअर मुळात पॅनोरमासाठी, म्हणजे कॅमेरा एका जागी उभा राहून मान फिरवतोय असं ते धरून चालतं, आणि माझ्याकडं कॅमेरा आणि कागद एकमेकांपासून सरकलेत. त्यात मोझेकचा पर्याय आहे, सरकण्याचे एक्स वाय झेड पण हिशोबात घ्यायला सांगितलं की मग नीट बसलं. दोन ठिकाणी सांधा दिसतोय, एका पानाला किंचित दुहेरी कडा आलीय, तेवढं चालवून घेणार.

कापून छाटून शेवटी ९४०० बाय १४,१०० पिक्सेल. १३ कोटी २५ लाख पिक्सेल, टिफ फाइल ३९८ एमबी. काकांना सांगितलं तर म्हणाले एवढ्यात पिक्चर येतो की.

२५ जून

अडाणीपणा करून बघितला. जेपेग करून अख्खा फोटो एकाच चित्रासारखा सरळ पेजमध्ये (इमेज टॅगमध्ये) टाकला आणि सीएसएसनं, म्हणजे पेजची मांडणी ठरवणाऱ्या कोडनं, मोठा-छोटा केला. लॅपटॉपवर चाललं, माझ्या फोनवर टॅब दोनदा बंद पडला. जेपेग फाइल ४० एमबीची असली तरी ब्राउझर ती उघडून मेमरीत ठेवतो तेव्हा पिक्सेलमागं ४ बाइट, म्हणजे ५३० एमबी. आत्याच्या फोनवर हे उघडलं असतं तर तिनं फोनच टाकला म्हणून मलाच ओरडली असती.

तर टाइलच पाहिजेत. गूगल मॅप आपण बघतो तसंच, चित्राचे तुकडे करायचे आणि बघणारा जिथं आहे तिथलेच तुकडे पाठवायचे. वरनं त्याच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा लहान लहान प्रती, त्यांचेही तुकडे, म्हणजे पिरॅमिड. लांबनं बघताय तर लहान प्रत, जवळ आलात की मोठ्या प्रतीचे तुकडे. हे डोकं जुनं आहे. सीड्रॅगन नावाची कंपनी मायक्रोसॉफ्टनं २००६ ला घेतली, त्यातनं डीप झूम आलं, ते सिल्व्हरलाइट नावाच्या त्यांच्याच ब्राउझर प्लगइनच्या आत बसवलं होतं, सिल्व्हरलाइट गेलं पण ती तुकड्यांची मांडणी राहिली. आज त्याच वंशातलं ओपनसीड्रॅगन आहे, जावास्क्रिप्टची लायब्ररी, मुक्त स्रोत, संग्रहालयं आणि ग्रंथालयं सर्रास वापरतात. वंशावळ दाखवायला वंशावळ असलेलं सॉफ्टवेअर, बरंय.

२८ जून, शनिवार

तुकडे पाडले. लिबव्हिप्स या चित्रं हाताळायच्या सॉफ्टवेअरमधला डीझेडसेव्ह, एका ओळीची कमांड, चहा ठेवून येईपर्यंत काम झालेलं. एक छोटी डीझेडआय फाइल मिळते, त्यात रुंदी, उंची, टाइलचा आकार असलीच माहिती, आणि शेजारी एक फोल्डर ज्यात ० ते १४ असे पंधरा फोल्डर. ० मध्ये अख्ख्या खानदानाचा एक पिक्सेल. खरंच उघडून बघितला, फिकट खाकी रंगाचा ठिपका.

१४ व्या पातळीला ३८ गुणिले ५६ म्हणजे २१२८ तुकडे, त्याखाली ५३२, मग १४०, मग ३५, १२, ४ आणि उरलेल्या नऊ पातळ्यांना एकेक. एकूण २८६० फाइल. मूळ आकारमानापेक्षा साधारण एक तृतीयांशच जास्त जागा लागते कारण प्रत्येक खालची प्रत वरच्याच्या चौथाई असते, म्हणून पिरॅमिड महाग पडत नाही.

२९ जून

पेज केलं. कोड जेमतेम पंधरा ओळी, एक रिकामा डिव्ह (पेजवरची चौकट) आणि त्याला सांगायचं की टाइल इथं आहेत. आणि मग अख्खा रविवार त्या पंधरा ओळीत गेला, कसा ते लिहून ठेवतो म्हणजे पुढल्या वेळी मीच वाचेन.

पहिलं, पान कोरं. कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका छापतो त्या खिडकीत, लालभडक एरर. फाइलवर डबल क्लिक करून उघडलं होतं, तसं उघडलं की ब्राउझर सुरक्षेपायी शेजारची डीझेडआय फाइल वाचू देत नाही. पायथनचा एका ओळीचा सर्व्हर चालू केला, एरर गेला. पान तरी कोरं. आता एरर पण नाही आणि चित्र पण नाही, हे जास्त वाईट. अर्ध्या तासानं कळलं की डिव्हला उंचीच दिलेली नाही, रिकाम्या डिव्हची उंची शून्य, व्ह्यूअर बिचारा शून्य उंचीच्या खिडकीत तक्ता दाखवत बसलाय. उंची दिली आणि झाड उगवलं. मग दिसलं की झूमची बटणं नाहीत, त्यांच्या जागी तुटक्या चित्राची खूण, कारण बटणांची चित्रं कुठल्या फोल्डरात आहेत ते वेगळं सांगावं लागतं.

पण मग झालं. झूम करत गेलो, फांदी, उपफांदी, पान, आणि पानातलं अक्षर, आणि अक्षराच्या कडेला शाई कागदात जराशी पसरलेली दिसली. पणजोबांनी एका ठिकाणी नाव खोडून परत लिहिलंय हे या घरात आजवर कुणाला माहीत नसणार. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली छान आहे, पण हे एवढं पिवळट मातकट का दिसतंय, खरा तक्ता तर लाल-हिरवा आहे.

२ जुलै

ती बरोबर होती. मला वाटलं जुना कागद म्हणून असेल पण टिफ उघडून बघितली तर रंग मस्त, पानं हिरवी, देठ लाल. टाइलमध्येच फिके. कारण सापडलं ते असं : मित्राचा कॅमेरा अडोबी आरजीबीवर ठेवलेला होता, म्हणजे रंगाचे आकडे लिहायची वेबपेक्षा वेगळी पद्धत. टिफमध्ये त्या पद्धतीची ओळख, प्रोफाइल, चिकटलेली असते म्हणून ती नीट दिसते, पण डीझेडसेव्ह प्रत्येक तुकड्यातनं असली जादाची माहिती काढून टाकतो, आणि ते योग्यच आहे, दोन हजारावर तुकड्यात तीच ती प्रोफाइल कशाला कोंबायची. पण मग ब्राउझर म्हणतो प्रोफाइल नाही म्हणजे वेबवरची नेहमीची पद्धत, एसआरजीबी, आणि रंग मरतात. आधी चित्र एसआरजीबीमध्ये बदलून घ्यायचं आणि मग तुकडे पाडायचे. पाडले परत. रंग आले.

हे बायकोनं सांगितलं नसतं तर मी तसंच चढवलं असतं, एकटक बघून बघून डोळ्याला तोच रंग खरा वाटायला लागतो.

५ जुलै

होस्टिंगवर चढवताना २८६० फाइल एफटीपीनं एकेक जायला लागल्या, फाइल चिमूटभर आणि प्रत्येकीला जोडणीचा खर्च वेगळा, रात्रभर लावून ठेवलं. सकाळी बघतो तर सगळं दिसतंय पण मधल्या फांदीवर एक चौकोन धूसर. फोकस गेला वाटतं, परत फोटो काढावे लागणार म्हणून डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं की फोकस जातो तेव्हा गोलमटोल जातो, असा गुण्यानं कापल्यासारखा चौकोनी जात नाही. ते तुकडेच पोचले नव्हते. वरचा तुकडा मिळाला नाही तर ओपनसीड्रॅगन खालच्या पातळीचा ताणून दाखवतो, भोक पडू देत नाही. सोय चांगली पण चूक झाकली जाते.

आता तुकड्याचा आकार ५१० केला, कडेला एकेक पिक्सेल आजूबाजूचा, म्हणजे ५१२ चा तुकडा. फाइल २८६० वरनं ७३३ वर आल्या. झिप करून एकदाच चढवली आणि तिथंच उघडली. दोन मिनिटं.

१३ जुलै, रविवार

काकांच्या फोनवर टेस्टिंग. त्यांनी पान उघडलं, बोटानं खाली सरकवायला गेले, तक्ताच सरकला. परत सरकवलं, परत तक्ता. पान खाली जाईना, वर येईना. "अडकलो रे मी यात." झाडात अडकलेल्या पतंगासारखे. मी व्ह्यूअर स्क्रीनभर उंच ठेवला होता, बाहेर बोट टेकायला जागाच नाही. उंची सत्तर टक्के केली, खाली मोकळी पट्टी, त्यात "खाली अजून माहिती आहे" असं लिहिलं. लॅपटॉपवर माउसचं चाक फिरवलं की पान सरकायच्या ऐवजी झूम होत होतं ते पण बंद केलं, झूमला बटणं आणि डबल क्लिक पुरे.

कोपऱ्यात छोटा नकाशा लावला, आपण झाडाच्या कुठल्या भागात आहोत ते लाल चौकटीत दिसतं. काकांना सगळ्यात जास्त तेच आवडलं. भिंगातनं बघताना हेच तर होत नाही म्हणाले, पान दिसतं पण फांदी हरवते.

१९ जुलै

शोधायची सोय. एकूण २१४ नावं. प्रत्येक पानावर क्लिक केलं की पिक्सेलचा एक्स-वाय कन्सोलमध्ये छापणारं छोटं फंक्शन लिहिलं आणि तीन संध्याकाळी २१४ पानं टिपली, काका फोनवरनं वाचून दाखवायचे, मी क्लिक मारायचो.

मग पिना लावल्या आणि हसून हसून पुरेवाट. बुंध्यातला मूळ पुरुष वर चढून आपल्या पणतवंडांच्या फांदीवर जाऊन बसलेला. सगळेच वर सरकलेले, शेंड्याचे कमी, तळाचे जास्त. ओपनसीड्रॅगन चित्राची रुंदी १ धरतो आणि उंची त्याच मापानं मोजतो, म्हणजे आमच्या तक्त्याची उंची १ नाही, दीड. मी शहाण्यासारखं वाय ला उंचीनं भागत होतो. दोन्ही रुंदीनंच भागायचे. खरं तर भागायचंच नाही, पिक्सेलवरनं त्याच्या मापात न्यायचं फंक्शन त्यात आहेच, पण डॉक्युमेंटेशन आधी वाचलं तर मग मजा काय.

शोधात दुसरी गंमत म्हणजे आपल्याकडं नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. एक नाव टाकलं की सात पानं. त्यामुळं निकालात नाव, बापाचं नाव आणि कितवी पिढी असं तिन्ही दाखवतो. आणि लिहायची पद्धत : पणजोबा गोविन्द लिहिणार, आपण गोविंद टाइप करणार. शोधायच्या आधी दोन्हीकडनं अनुस्वार आणि अर्धा न-म सारखे करून घेतले, ऱ्हस्व-दीर्घ पण एकच धरलं. व्याकरणवाल्यांनी माफ करावं.

जिवंत माणसांची जन्मसालं पानावर टाकत नाहीये आणि सर्च इंजिनला पान घेऊ नको म्हणून सांगितलंय. घरच्यांपुरतं आहे.

२७ जुलै, रविवार

झालं असं वाटत होतं. लिंक ग्रुपवर टाकली, अंगठे, हात जोडलेले, फुलं, सगळं आलं. संध्याकाळी साताऱ्याहून आत्याचा फोन.

"अरे ते नाव टाकायचं आहे ना, त्यात माझं टाकलं. काहीच येईना."

मी म्हटलं स्पेलिंग बघ. मग म्हटलं नेट बघ. मग गप्प बसलो कारण कळलं.

"नाहीच आहे का मी?"

२१४ नावं मी स्वतः टिपलीत. तीन संध्याकाळी. एकही बाईचं नाव नाही आणि माझ्या लक्षात आलं नाही. वंशावळीत मुलींची नावं नसतात हे माहीत असतं, पण ते असं माहीत असतं की दिसत नाही. अक्षराची शाई पसरलेली दिसली, खोडलेलं दिसलं, हे नाही.

आत्या चिडली वगैरे नाही. म्हणाली पणजोबांनी तसंच लिहिलं, त्या काळी तसंच लिहायचे. मग जरा थांबून, "पण हे तर तू आत्ता केलंस ना."

२९ जुलै

ओपनसीड्रॅगनमध्ये चित्रावर आपलं काहीही ठेवता येतं, ओव्हरले. मूळ तुकड्यांना हात लागत नाही, वर काचेसारखा दुसरा थर. यावर मुलींची पानं काढायची.

काकांना विचारायला गेलो. त्यांचा पहिला शब्द "मूळ कागदावर काही लिहायचं नाही". म्हटलं काका कागदावर नाहीच, वरचा थर आहे, बटण दाबलं की जातो. बटण दाबून दाखवलं. दोन-तीनदा त्यांनी स्वतः दाबलं. मग म्हणाले, "तुझ्या आजीच्या नणंदा पाच होत्या, लिहून घे."

३ ऑगस्ट, रविवार

नावं गोळा करणं हे कोडपेक्षा दसपट काम आहे. फोनवर फोन. प्रत्येक फोनला पाऊण तास कारण नाव सांगायच्या आधी ती कुठं दिली, तिचं घर कुठलं, तिला मुलं किती, हे सगळं येतं आणि ते तोडायचं जिवावर येतं, लिहूनच ठेवतोय सगळं.

नाव म्हणजे तरी कुठलं? जुन्या बायकांचं लग्नात नावच बदललेलं. माहेरी एक, सासरी दुसरं, आणि नातवंडांना फक्त "कराडची आजी" एवढंच ठाऊक. एकीचं माहेरचं नाव तिच्या स्वतःच्या मुलाला माहीत नव्हतं, तो सत्तरीचा आहे. आत्याला विचारलं तर म्हणाली माहेरच्या झाडावर माहेरचंच नाव पाहिजे, विचारायचं काय त्यात. मग नियम तोच : पानात माहेरचं नाव, शोधताना मात्र दोन्ही चालतात.

आजवर ९१ मिळाली.

१० ऑगस्ट

ओव्हरलेला पानाएवढी चौकट दिली तर झूमबरोबर चौकट वाढते पण आतली अक्षरं होती तेवढीच राहतात. लांबनं बघितलं तर अक्षरं पानाबाहेर सांडलेली, जवळ गेलं तर भल्यामोठ्या पानात मुंगीएवढं नाव. इथं एसव्हीजी कामाला आलं, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा आणि अक्षरांनी काढलेलं, कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र. ९१ वेगवेगळे ओव्हरले ठेवण्यापेक्षा अख्ख्या तक्त्यावर एकच एसव्हीजी पसरला आणि त्याचा व्ह्यूबॉक्स, म्हणजे आतल्या मापांची चौकट, ९४०० बाय १४,१०० ठेवला. आता आतली सगळी मापं थेट चित्राच्या पिक्सेलमध्ये, रूपांतराची भानगडच संपली, आणि अक्षरं चित्राबरोबर वाढतात-घटतात. जुन्या फोनवर झूम करताना जरा अडखळतं, तेवढं आहे.

जागेचा प्रश्न मी फार हुशारीनं सोडवला असं मला वाटलं होतं. फांदीवर पानं दाटीनं, मधे पेन्सिलचं टोक जाईल एवढीच फट, पण स्क्रीनवर काय, कितीही बारीक लिहा, झूम आहेच. तर मुलींची नावं भावांच्या मधल्या फटीत बारीक अक्षरात बसवली आणि झूमची हद्द जरा वाढवली. आत्याला लिंक पाठवली.

तिनं लगेच फोन केला. सापडलं म्हणाली, छान दिसतंय. मग म्हणाली, "पण लांबनं बघितलं तर परत दिसत नाहीच की मी. अगदी जवळ आलं तरच."

१६ ऑगस्ट

फटीतली सगळी पानं काढून टाकली. आता मुलींची पानं भावांएवढीच, त्याच आकाराची, फांदीच्या बाहेरच्या बाजूला, स्वतःच्या देठाला. रंग निळसर ठेवलाय, म्हणजे पणजोबांचं कुठलं आणि आमचं कुठलं यात गफलत नको. काही ठिकाणी शेजारच्या पानावर चढतं, तिथं कडेनं अर्धपारदर्शक. झाड आता पहिल्यापेक्षा अघळपघळ दिसतं, वरच्या डाव्या फांदीला तर तक्त्याची कडच ओलांडावी लागली, म्हणून एसव्हीजी तक्त्याच्या बाहेर थोडा वाढवला आणि अख्खं झाड परत दाखवणाऱ्या होम बटणाला ती जादाची जागा पण मोजायला सांगितली.

लांबनं बघितलं. अख्खं झाड खिडकीत. नावं कुठलीच वाचता येत नाहीत, ना हिरवी ना निळी, पण निळं आहे हे दिसतं.

बटण काढलं नाही, काकांना शब्द दिलाय. पण पेज उघडताना थर चालूच असतो.

२१ ऑगस्ट

पाऊस. कोयनेतनं पाणी सोडल्याचे मेसेज फिरताहेत, काका दर दोन तासांनी पुलाची पातळी ग्रुपवर टाकतात. तक्ता विश्रामबागला माझ्याकडंच आहे, कपाटाच्या वरच्या खणात. टिफच्या तीन प्रती तीन ठिकाणी. कोडला आज हात लावला नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

नावं ११८ झाली. वरच्या फांद्यांवरच्या, अलीकडच्या पिढ्यांचं सगळं मिळालं. बुंध्याजवळच्या दोन पिढ्यांत मात्र कुणाला काही सांगता येईना. मुली नव्हत्याच असं कसं होईल. थोरल्या काकांना एवढंच आठवतं की त्यांच्या आजोबांना दोन आत्या होत्या, एक तासगावात दिली होती. नाव नाही. दोन निळी पानं काढली, आत काही लिहिलं नाही. टिचकी मारली की "तासगावात दिली" एवढं येतं. दुसरीला तेवढं पण नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरी जेवण. गावभागात पस्तीस माणसं, पुरणपोळीचा वास, आणि मी केबल जोडून टीव्हीवर पान लावत होतो, टीव्हीवर ब्राउझर अर्धा कापलेलाच दिसत होता म्हणून शेवटी लॅपटॉपच गौरीच्या समोर पाटावर. पोरं सगळ्यात आधी आली, सरळ आपापलं नाव टाइप केलं, पिन उडाली की आरोळी.

मग बायका आल्या. माझं सगळं काम इतके दिवस शोधाच्या चौकटीवर होतं आणि त्या चौकटीला कुणी हातच लावला नाही. त्या बोटानं फांदी धरून गेल्या. ही आमची, ही थोरल्यांची, इथनं वळायचं. एक मावसचुलत आजी, तिला वाचता कमी येतं, ती म्हणाली निळं निळं मोजा रे आधी. पोरांनी मोजले. वाद झाला, एकशे अठरा की एकशे वीस, मग मी सांगितलं दोन रिकामी आहेत. ती दोन कोणाची यावर जेवायला बसेपर्यंत चर्चा, आणि त्यातनं एक नाव निघालं. पक्कं नाही. तासगावला फोन करायचाय.

आत्या साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आलेली, हात पुसून शेवटी बसली. फोनवर स्वतःचं पान काढलं, चिमटीनं मोठं केलं, अजून मोठं केलं, चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.

"यातली वेलांटी दुसरी पाहिजे. माझी दीर्घ आहे."

तिथंच बसून दुरुस्त केलं आणि चढवलं. सगळ्यांच्या फोनवर दीर्घ दिसतंय. तिच्या फोनवर कॅशमधल्या जुन्या प्रतीमुळं अजून पहिलीच.